‘आरोपी पळाले’: सांगली शहर पोलीस ठाण्यातल्या एका नोंदीचा अभ्यास

नोव्हेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात सांगली शहर पोलीस ठाण्याच्या ताब्यातून दोन आरोपी पळून गेल्याची बातमी आली. ती पोलिसांकडूनच आली होती. चाकूचा धाक दाखवून एका माणसाकडचे दोन हजार रुपये लुटल्याच्या तक्रारीवरून या दोन तरुणांना अटक झाली होती. ६ नोव्हेंबरच्या रात्री ते ठाण्यात होते आणि ७ तारखेला ते नाहीत असे सांगण्यात आले.

दोन दिवसांत चित्र पालटले. दोघांपैकी २६ वर्षांचा तरुण पळालाच नव्हता. चौकशीच्या नावाखाली झालेल्या मारहाणीत त्याचा ठाण्यातच मृत्यू झाला, मृतदेह जिल्ह्याबाहेर आंबोली घाटात नेऊन जाळला आणि तो पळाल्याचा बनाव रचला, असा गुन्हा त्याच ठाण्यातल्या माणसांवर दाखल झाला. अटक झालेल्या सहा जणांत एक उपनिरीक्षक होता, चार पोलीस कर्मचारी होते आणि सहावा माणूस पोलीस खात्यात नोकरीलाच नव्हता. तपास राज्य सीआयडीकडे गेला. सरकारच्या बाजूने खटला चालवण्यासाठी उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि शहराच्या उपअधीक्षक यांच्या बदल्या झाल्या, ठाण्यातले आणखी काही कर्मचारी निलंबित झाले. गृहखाते तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडेच होते. गृहराज्यमंत्री दीपक केसरकर सांगलीत येऊन कुटुंबाला भेटून गेले.

मृताचे, साक्षीदाराचे आणि आरोपींचे नाव मी इथे घेत नाही. कोणी काय केले, कोणाचा दोष किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला या प्रकरणातली एकच गोष्ट तपासायची आहे. ‘आरोपी पळाले’ हे शब्द एका सरकारी ठाण्यात लिहिले गेले, वर कळवले गेले, बाहेर सांगितले गेले आणि जवळजवळ दोन दिवस तेच सरकारी सत्य म्हणून उभे राहिले. एवढ्या कायद्यांच्या, नियमांच्या आणि अधिकाऱ्यांच्या उतरंडीत ते टिकले कसे?

पळून गेल्याचे सांगणे सोयीचे का पडते

कोठडीत माणूस मेला तर पुढे काय होते हे प्रत्येक ठाणे अंमलदाराला पाठ असते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९३ सालीच सर्व राज्यांना कळवले आहे, की कोठडीतल्या मृत्यूची खबर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी २४ तासांत आयोगाला द्यायची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये २००५ च्या दुरुस्तीने पोटकलम (१अ) आले आणि तेव्हापासून अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली. त्याआधी ती कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार करत. मृतदेह २४ तासांत जवळच्या शल्यचिकित्सकाकडे तपासणीला पाठवायचा, हेही त्याच दुरुस्तीत आहे. शवविच्छेदन झाले की अंगावरचे वळ बोलू लागतात.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया मृतदेह आहे. मृतदेहच नसेल तर शल्यचिकित्सक काय तपासणार आणि आयोगाला काय कळवणार? आंबोलीच्या घाटात जे जाळले गेले, ते या व्यवस्थेचे पहिले आणि सगळ्यात महत्त्वाचे कागदपत्र होते. डीएनए तपासणीची वेळ त्यामुळेच आली.

पळून गेल्याच्या नोंदीत आणखी एक सोय आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कोठडीतून आरोपी निसटला तर पहाऱ्यावरच्या पोलिसावरही निष्काळजीपणाचा ठपका येतो, भारतीय दंड संहितेत त्यासाठी वेगळे कलम होते. म्हणजे ‘आरोपी पळाले’ असे लिहिणारा आपल्या ठाण्याची एक चूक स्वतःहून कबूल करत असतो. जो चूक कबूल करतो त्याच्यावर चटकन अविश्वास दाखवला जात नाही. वरिष्ठही चिडतात ते ढिलाईवर. ‘पहारा कोणाचा होता? शोधपथके पाठवा, नाकाबंदी करा.’ सगळी धावपळ बाहेरच्या रस्त्यांवर सुरू होते आणि ठाण्याच्या आतल्या खोलीकडे पाठ फिरते. छोटा दोष पुढे करून मोठा दोष झाकण्याची ही रीत खात्याला अनोळखी नाही. त्यामुळे पलायनाची नोंद दिसली की वरिष्ठांच्या मनात पहिला प्रश्न आतला यायला हवा: पळाला म्हणता, तर शेवटचे त्याला कोणी पाहिले, कोणत्या अवस्थेत पाहिले, आणि पाहणारा ठाण्याबाहेरचा कोणी आहे का?

कायद्याने हे ओळखले होते. कलम १७६ (१अ) फक्त मृत्यूबद्दल बोलत नाही. पोलिसांच्या ताब्यातला माणूस मेला ‘किंवा नाहीसा झाला’, तरी न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, असे त्यात स्पष्ट आहे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये ती तरतूद आली आहे. माझ्या मते सांगलीच्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. पोलीस म्हणतात पळाला, घरचे म्हणतात तो घरी आला नाही, त्याचा फोन नाही, कोणालाच दिसला नाही. अशा वेळी तो पळाला की नाहीसा झाला हे ठरवायचे कोणी? ज्याच्या ताब्यातून तो गेला त्यानेच ठरवायचे असेल, तर त्या तरतुदीला अर्थ उरत नाही. पलायनाची प्रत्येक नोंद त्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गेली पाहिजे आणि तिचा तपास दुसऱ्या ठाण्याकडे गेला पाहिजे. एवढ्याने मारहाण थांबणार नाही. पण मारहाणीनंतर काय करायचे याचा हिशेब करणाऱ्याच्या हातातला सगळ्यात स्वस्त पर्याय निघून जाईल.

त्या रात्रीचे कागद

पोलीस ठाणे कागदावर चालते. स्टेशन डायरीत कोण आले, कोण गेले, कोणती गाडी बाहेर पडली, रात्रीच्या गस्तीवर कोण, सगळे वेळेसह लिहायचे असते. लॉकअपचे वेगळे रजिस्टर असते. आरोपीला चौकशीसाठी कोठडीबाहेर काढला की नोंद, परत आत घातला की नोंद. लॉकअप गार्ड बदलला की आरोपींची मोजणी करून ताबा द्यायचा. रात्रगस्तीचा अधिकारी ठाण्याला भेट देतो तेव्हा डायरीत शेरा मारून सही करतो.

कागदोपत्री ही पद्धत भक्कम आहे. एका माणसाला कोठडीतून काढून ठाण्याबाहेर न्यायचे तर किमान चार जणांच्या नजरेखालून आणि दोन रजिस्टरांमधून जावे लागते. पण ही चारही माणसे एकाच ठाण्याची, एकाच ड्यूटीची, एकमेकांच्या रजा सांभाळून घेणारी असतात. ती दोन्ही रजिस्टरेही त्यांच्याच टेबलावर असतात. बाहेरचा डोळा त्यात कुठेच नाही. अटक झालेल्यांव्यतिरिक्त इतर कर्मचाऱ्यांवरही निलंबनाची वेळ आली, त्याचे कारण हेच आहे. एका खोलीत जे घडले त्याचा आवाज बाकीच्या खोल्यांना लागलाच नसेल, असे मानणे कोणालाही अवघड होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात याबद्दल लिहून ठेवले आहे. कोठडीतल्या छळाला साक्षीदार असतात ते फक्त पोलीस, आणि बंधुभावाने बांधलेले असल्यामुळे ते बोलत नाहीत, असे ते निरीक्षण आहे. त्याच्याही दहा वर्षे आधी, १९८५ मध्ये, विधी आयोगाने शिफारस केली होती, की कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनी केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला पुरावा कायद्यातच द्यावी. ती शिफारस कायद्यात आली नाही. २०२३ मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, त्याही वेळी आली नाही. मला ही गोष्ट अस्वस्थ करते. बंद खोलीत काय झाले ते सांगण्याचा भार अजूनही त्या खोलीत मार खाणाऱ्यावर किंवा त्याच्या आईबापांवरच आहे.

सांगलीत हा भार उचलणारा एक माणूस होता. सोबत अटक झालेला दुसरा तरुण जिवंत होता आणि त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने सांगितले म्हणून बनाव कोसळला. तो नसता तर? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. सगळे क्षणभर गप्प होतात.

दुसरी गोष्ट घरच्यांची. कुटुंबाने पळून जाण्याची गोष्ट मानली नाही. आमचा मुलगा दाखवा, म्हणत ते ठाण्यासमोर ठिय्या देऊन बसले, हटले नाहीत. मग शहरातली माणसे जमली, पक्षांची माणसे आली, वार्ताहर आले. वरिष्ठांना ठाण्याच्या आत पाहावे लागले ते या दबावामुळे. खात्याच्या स्वतःच्या तपासणीतून, डायरीच्या पडताळणीतून किंवा गस्तीच्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यातून ही गोष्ट बाहेर आली नाही. व्यावसायिक मानकांची चर्चा करताना हे वाक्य मी पहिल्या पानावर ठेवीन.

झिरो पोलीस

अटक झालेल्यांतला सहावा माणूस ‘झिरो पोलीस’ म्हणून ओळखला जायचा. पश्चिम महाराष्ट्रात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ठाण्यात सतत वावरणारा, साहेबांची गाडी चालवणारा, चहापाणी पाहणारा, खबर आणणारा, कधी छाप्यात पुढे असणारा आणि कधी कोणाकडून ‘व्यवहार’ गोळा करून आणणारा खासगी माणूस. त्याला पगार नाही, बक्कल नंबर नाही, गणवेश नाही. त्याचे नाव हजेरीपटावर नसते. तरी लोक त्याला ओळखतात आणि बऱ्याचदा वर्दीवाल्यापेक्षा त्यालाच घाबरतात.

या प्रथेकडे गमतीने पाहिले जाते, ते थांबले पाहिजे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत अकरा निर्देश दिले. त्यांतला पहिलाच असा, की अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्द्याची स्पष्ट पट्टी हवी आणि चौकशी करणाऱ्यांची नावे रजिस्टरात हवीत. ज्याच्याकडे हुद्दाच नाही तो चौकशीच्या खोलीत असेल, तर पहिल्याच निर्देशाचा भंग झाला. पुढचे काही तपासायची गरज नाही. पोलिसावर खातेनिहाय चौकशी होते, निलंबन होते, बडतर्फी होते. झिरो पोलिसावर यातले काहीच करता येत नाही, कारण खात्याच्या लेखी तो नाहीच. खात्याच्या शिस्तीबाहेरचा माणूस खात्याच्या सत्तेचा वापर करतो, आणि हे ठाण्यातल्या प्रत्येकाला माहीत असते, निरीक्षकालाही आणि भेट द्यायला येणाऱ्या उपअधीक्षकालाही.

हे बंद करायला नवा कायदा लागत नाही. ठाण्याच्या आत कोण वावरतो याची जबाबदारी प्रभारी निरीक्षकावर लेखी टाकावी आणि वार्षिक तपासणीत अधीक्षकांनी ती विचारावी. कोठडीच्या परिसरात खासगी माणूस सापडला तर थेट निरीक्षकावर कारवाई व्हावी. सांगलीच्या प्रकरणानंतर मी वाट पाहत होतो की राज्यभर या एका मुद्द्यावर मोहीम निघेल. चर्चा झाली ती मारहाणीची आणि आंबोलीची.

दोन हजार रुपयांच्या तपासात हे का घडते

एवढ्या छोट्या गुन्ह्यासाठी एवढे का मारावे, असे लोक तेव्हा विचारत होते. उत्तराचा एक भाग कायद्यात आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे इंग्रजांच्या काळापासून, १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. त्या कायद्याचे कलम २५ पोलिसांवरच्या अविश्वासातूनच आले. पण त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये फट आहे. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे पुराव्यात येते. आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात हे सगळे कलम २३ मध्ये एकत्र केले आहे, फट तशीच आहे. म्हणून ठाण्याच्या भाषेत ‘मुद्देमाल काढणे’ याला एवढे महत्त्व. चाकू काढायचा, मोबाईल काढायचा, पैसे काढायचे, आणि जमले तर आणखी दोनचार जुने गुन्हे त्याच्याकडूनच ‘उघडकीस’ आणायचे.

दुसरा भाग दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये आहे. अधीक्षक प्रत्येक ठाण्याच्या निरीक्षकाला उभे करून विचारतात: दाखल किती, उघड किती, मुद्देमाल किती हस्तगत? निरीक्षक तोच प्रश्न घेऊन डीबी पथकाकडे, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाकडे जातो. आरोपीला वैद्यकीय तपासणीला वेळेत नेले का, नातेवाइकाला कळवले का, अटकेच्या पंचनाम्यावर बाहेरच्या माणसाची सही आहे का, हे प्रश्न त्या बैठकीत किती वेळा विचारले जातात? ज्याची विचारपूस होते तेच काम माणूस मन लावून करतो. मारणाऱ्याचा गुन्हा यामुळे हलका होत नाही. पण केवळ चार वाईट माणसे त्या रात्री एकत्र आली आणि हे घडले, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगलीच्या स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेतल्या पोलिसांवर वारणानगरच्या चोरीतली कोट्यवधींची रोकड परस्पर लांबवल्याचा गुन्हा दाखल झाला होता. ते प्रकरण वेगळे, माणसे वेगळी. जिल्ह्याच्या पोलीस दलात देखरेखीची शिवण उसवली आहे, एवढे सहा महिने आधीच सगळ्यांना दिसले होते.

आणि न्यायालय? आरोपीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. रिमांडच्या वेळी एक ठरलेला प्रश्न असतो: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आरोपी मान हलवून ‘नाही’ म्हणतो, रोजनाम्यात तशी नोंद होते. बाजूला तेच पोलीस उभे असतात, ज्यांच्याबरोबर त्याला परत जायचे असते. सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात असो की साताऱ्याला, हा प्रश्न पोलिसांना दोन मिनिटे दाराबाहेर पाठवून विचारता येतो. काही न्यायाधीश तसे करतात. ती त्यांच्या वैयक्तिक जाणिवेवर सोडायची गोष्ट नाही.

कोठडीतल्या आरोपीची दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी करायची, हा बसू खटल्यातलाच निर्देश. सिव्हिलमध्ये रात्री अकरा वाजता दोन पोलीस आरोपीला घेऊन येतात, ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर नाडी पाहतो, ‘फिट’ लिहितो. शर्ट काढायला सांगणाऱ्या डॉक्टरचे ठाण्यात नाव निघते. अशा डॉक्टरांच्या पाठीशी जिल्हा शल्यचिकित्सकांनी लेखी आदेश देऊन उभे राहायला हवे.

बदली म्हणजे उत्तर नव्हे

अधीक्षकांची आणि उपअधीक्षकांची बदली झाली, तेव्हा शहरातला राग थोडा निवला. मला मात्र बदलीतून काय कळले हे आजही सांगता येत नाही. वरिष्ठांकडून देखरेखीत कसूर झाली असेल तर ती कोणती? ७ तारखेला पलायनाची खबर मिळाल्यावर त्यांनी काय तपासले, कोणाला विचारले, लॉकअप रजिस्टर मागवले का? ही उत्तरे लोकांपुढे आली असती तर पुढच्या अधीक्षकाला धडा मिळाला असता. आणि कसूर नसेल, तर त्या अधिकाऱ्यांवरही अन्याय झाला. बदलीत दोन्ही शक्यता झाकून जातात. निलंबनाचेही तसेच. नियमांप्रमाणे निलंबन ही शिक्षा नाही. पहिले तीन महिने साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, पुढे तो वाढू शकतो. वर्तमानपत्रातला मथळा वाचून लोकांना वाटते की कारवाई झाली, तेव्हा ती अजून सुरूही झालेली नसते.

खात्याबाहेरच्या चौकशीसाठी म्हणून एक यंत्रणा आहे. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितले, की राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा आणि उपअधीक्षक दर्जापर्यंतच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तिथे जाव्यात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला, राज्य प्राधिकरण आणले, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी धरली. सांगली आणि सातारा दोन्ही पुणे विभागात. म्हणजे जतच्या पूर्व भागातल्या किंवा पाटणच्या डोंगरातल्या माणसाला ठाण्यातल्या हवालदाराविरुद्ध दाद मागायची तर पुण्याची वाट धरावी लागणार. ज्याचा दिवसाचा रोजगार बुडाला की चूल थंडावते, तो किती तारखांना पुण्याला जाईल? न्यायालयाने जिल्हा म्हटले होते ते याचसाठी. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, नियम मोडून केलेली अटक, खंडणी, हे सगळे या प्राधिकरणाच्या कक्षेत येते. ते सांगलीत बसते तर त्याचा धाक सांगलीला वाटला असता.

एका बाबतीत अंतर कमी झाले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्याच्याच कक्षेत आहेत. ताब्यात घेतलेला माणूस कुठे आहे हे पोलीस सांगत नसतील, तर हेबियस कॉर्पसची याचिका करायला आता मुंबई गाठावी लागत नाही. सकाळी सांगलीहून निघालेला वकील कोर्टाच्या वेळेत पोहोचतो. २०१७ मध्ये ही सोय असती तर ७ तारखेलाच कोणी तरी गेला असता, असे मला वाटते.

कॅमेरे, आणि पाहणारे

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच, वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या प्रकरणात, राज्यातल्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवायला सांगितले होते. सांगलीची घटना त्यानंतर तीन वर्षांनी घडली. मग २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी बारकाईने आदेश दिला. प्रत्येक दार, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षक-उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू, कुठलीच जागा कॅमेऱ्याबाहेर राहू नये. आवाज टिपला जावा, अंधारात दिसावे, चित्रण १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष जपावे. तरीही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाला ठाण्यांतल्या न चालणाऱ्या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

कॅमेरा बंद पडतो, वायर तुटते, हार्ड डिस्क भरते. या सबबी ऐकून मी कंटाळलो आहे. ज्या दुकानात पाच हजारांचा माल आहे त्याचा कॅमेरा चालू असतो. ठाण्यातला कॅमेरा बंद असताना आरोपीला कोठडीबाहेर काढायचेच नाही, एवढा एक स्थायी आदेश काढला तर तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त होईल.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या त्या आदेशात एक तरतूद अशी आहे की तिचा उपयोग सांगलीकरांनी अजून करून घेतलेला नाही. कॅमेऱ्यांवर देखरेखीसाठी जिल्हा समिती सांगितली आहे. त्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख असावा. कॅमेऱ्यांच्या देखभालीवर लक्ष ठेवायचे, दर महिन्याला राज्य समितीला अहवाल द्यायचा आणि न कळवलेला मानवी हक्कभंग शोधण्यासाठी चित्रण पाहायचे, हे तिचे काम. समितीत लोकांनी निवडून दिलेला माणूस मुद्दाम ठेवला आहे. पोलीस खात्याबाहेरचा जो डोळा ६ नोव्हेंबरच्या रात्री नव्हता, त्याची जागा आदेशात लिहून ठेवलेली आहे.

तेव्हा विचारायचे ते इथे विचारावे. विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देऊन विचारता येते, की या समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, कोण हजर होते, कोणत्या ठाण्यातले कॅमेरे किती दिवस बंद होते आणि नमुन्यादाखल चित्रण कोणी पाहिले. अधीक्षक कार्यालयाला विचारता येते, की गेल्या काही वर्षांत कोठडीतून पलायनाच्या किती नोंदी झाल्या आणि त्यांपैकी किती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चौकशीला गेल्या. आणि ज्यांच्या घरचा माणूस आजच रात्री उचलला गेला आहे, त्यांनी अटकेच्या पंचनाम्यावर स्वतः सही केल्याशिवाय ठाणे सोडू नये, त्याची प्रत मागावी, अटक केलेल्यांची नावे नियंत्रण कक्षाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे ती तिथे पाहावीत, आणि माणूस दाखवत नसतील तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ (१) खाली अर्ज द्यावा. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर ३० दिवसांत नव्हे, ४८ तासांत द्यावे लागते. अर्जाची पोच घेताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी.